गाण्यात धुरळा नसतो

आमची रणगाड्यांची रेजिमेंट नगरला होती तेव्हा मी दफेदार होतो. एका रणगाड्याचा क्रू माझ्याकडे. ड्रायव्हर सवार संदीप, पाथर्डीकडचा. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे. गडी कामाला चोख, गळा गोड. पाऊस, चांदणं, नदीकाठ असली विरहाची सिनेमातली गाणी संध्याकाळी बराकीत म्हणायचा.

पुढे तो गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवायला लागला.

"कुणाला?"

"शिर्डीची हाय, साहेब. फुलांचं दुकान हाय त्यांचं."

"भेटलास?"

"अजून न्हाई."

माझ्या मनात पाल चुकचुकली.

एका सकाळी फायरिंगला निघण्याआधी चहा चालला होता. संदीप खुशीत म्हणाला, "बघा, काय इचारती. तुझ्या माळावर आज ढग हायेत का? वारा कुठून सुटलाय? धुरळा कुठल्या अंगाला उडतोय?"

मी चहाचा मग खाली ठेवला. ढग, वारा गाण्यात असतात. धुरळा नसतो. रणगाडे कुठे चालले, किती चालले, ते लांबून धुरळ्यावरूनच कळतं.

"उत्तर दिलंस?"

"न्हाई."

"मोबाईल दे."

"साहेब, ती निस्ती गाणी मागती."

"दे."

मी रिसालदार साहेबांना रिपोर्ट दिला. थोड्या वेळात रेडिओवर आदेश आला, "सगळ्या गाड्या जागेवर थांबा. हालचाल बंद. ओव्हर." संदीप रणगाड्याच्या सावलीत बसून राहिला. दिवसभर मी त्याला नजरेआड होऊ दिलं नाही.

चौकशी झाली. शिर्डीत तसं दुकान नव्हतं. अकाउंट बनावट, देशाबाहेरून चालवलेलं. संदीपने गाण्यांशिवाय काही पाठवलं नव्हतं. तो सुटला.

"आवाज तर बाईचाच हुता," एवढंच तो माझ्याशी बोलला. गाणं बंद झालं. तरी तो खिशात हात घालायचा तेव्हा माझी नजर तिकडे जायचीच.

नंतर रेजिमेंट डोंगराळ सीमेवर गेली. रस्त्यावर दरड कोसळून आमची एक लॉरी गाडली गेली. संदीपने आतून दोघांना ओढून बाहेर काढलं. तिसऱ्यासाठी वाकला आणि वरून दुसरी दरड आली.

त्याला घेऊन मी त्याच्या गावी गेलो. अग्नी दिल्यावर त्याच्या आईने मला बाजूला बोलावलं.

"शिर्डीची पोरगी न्हाई आली?"

खरं ओठांवर आलं होतं.

"तिला कळवलं न्हाई," मी म्हणालो.

"नका कळवू," ती म्हणाली. "तिचं लगीन व्हऊ द्या कुठंतरी चांगलं."