संत्र्याच्या सालींचं पाणी

तीन महिने मी मागच्या पडवीत एक डबा सडवत ठेवला होता. मोबाइलवर पाहून त्यात संत्र्या-लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी घातलं होतं. झाकण उघडलं तर वर सायीसारखी जाड बुरशी, आणि वास असा की दारूच्या भट्टीत कुणी ओकून गेलंय. तरी जुन्या ओढणीतून ते गाळलं. साली पिळताना हाताला लागलेला तो बुळबुळीत चोथा आठवला की आजही घास गिळवत नाही. पण बाजारचं फिनाईल म्हणजे विष आणि माझं ते अमृत, असा तेव्हा माज होता मला.

आमच्या लाखनीच्या घरात जमीन तीन तऱ्हेची. पडवी शेणानं सारवलेली, स्वयंपाकघरात टाइल्स आणि पुढच्या खोलीत मार्बल. त्या मार्बलमध्ये बाबांचा जीव. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरी फरश्या बसवल्या, घासल्या. कुणाकडे उरलेला तुकडा मागून आणायचे. असे तुकडे जमवून गेल्या उन्हाळ्यात त्यांनी ही खोली केली, आणि तिथेच गुडघे गेले. डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली. पावसाळ्यातल्या वर्षावासाचं धम्मग्रंथवाचन यंदा पहिल्यांदाच आमच्याकडे होतं, त्याच दिवशी संध्याकाळी. आपल्याबरोबर काम केलेली माणसं येऊन आपल्या फरशीवर बसावीत, एवढीच बाबांची हौस.

पडवी आईकडे, शेणात कडुनिंबाचं पाणी घालून तीच सारवते. टाइल्सवर माझं पाणी मारलं तर फोडणीचे चिकट डाग झटक्यात निघाले. पोछा पिळला तर काळं, तेलकट, घाणेरडं पाणी. मला चेव आला. उरलेलं सगळं मार्बलवर ओतलं. पितळेची पाण्याची गुंडी चिंचेनं घासत वाढलेली मी. आंबट जितकं जास्त तितकी चमक जास्त, एवढंच मला ठाऊक. म्हणून त्यात साधं पाणीही मिसळलं नाही, वर अर्धा तास तसंच भिजू दिलं.

सुकल्यावर पोछ्याचा एकेक फराटा उमटून आला. सगळीकडे पांढुरके, खरबरीत चट्टे, खरूज झाल्यासारखे.

"काय टाकलं वं पोरी?" बाबांनी फरशीवरून हात फिरवत विचारलं.

मी सांगितलं.

"मार्बल आंबटानं जळते. मले काहून नाही विचारलं?"

फरशीचा जाणकार घरात बसलेला, आणि मी मोबाइलला विचारलं होतं.

संध्याकाळी वाचनाला माणसं आली. बाबांच्या जोडीनं फरश्यांची घिसाई-पॉलिश केलेला एक जण बसता बसता थांबला, तळहात टेकवून पाहिला.

"चमक कुठं गेली भाऊ?"

"मीच उतरवली," बाबा हसत म्हणाले. "बुढ्या बाया येतेत, घसरतीन त?"

शेजारीण मला म्हणाली, "फिनाईलचा वास नाही येऊन राहिला, बरं केलं." मी मान हलवली. त्या सडक्या डब्याची आली नव्हती एवढी किळस मला स्वतःची आली. बापाच्या खोट्याआड मी गुमान बसून होते.

सकाळी उठले तर बाबा पुढच्या खोलीत उकिडवे बसलेले. गुडघ्यांना फडकी बांधून, घिसाईचा दगड पाण्यात बुडवून एक कोपरा घासत होते. बादलीशेजारी आणखी एक दगड होता. मी तो उचलला.

"ठेव तो," ते वर न पाहता म्हणाले. "तू हात नको लावू."