पेपरावरचं पिल्लू

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आमचं गाव गेलं, तेव्हा आईने पुनर्वसनाच्या वसाहतीत आणलेल्या सामानात जिवंत अशी एक तलंगच होती, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, टोपलीत पाय बांधून आणलेली. पुढे वसाहतीत बाहेरची कोंबडी तिने कधी घेतली नाही. आमच्या अंगणात वावरायची ती सगळी त्या तलंगीचीच पिढी.

गेल्या उन्हाळ्यात त्या पिढीतली शेवटची कोंबडी अंड्यांवर बसलेली असताना मुंगसाने नेली. अठरा दिवस झाले होते. सात अंडी शाबूत होती. मी सुट्टीवर घरी आलेलो. खोक्यात बल्ब लावला आणि अंडी त्याखाली ठेवली. तीन दिवसांनी एक फुटलं. बाकीची सहा तशीच राहिली.

पिल्लू तपकिरी होतं, पाठीवर दोन काळे पट्टे. आई बराच वेळ बघत बसली.

"तसंच आहे," ती म्हणाली. "तिकडून तलंग आणली होती, तिच्यासारखंच."

तिने खोक्यात घालायला पोत्याचा तुकडा आणला. तो मळका होता. मी तो बाजूला ठेवला आणि पेपर अंथरला. मी इतकी वर्षं वर्तमानपत्रात नोकरी करतो, येताना जुने अंक घेऊन येतो, त्यामुळे आमच्या घरी पेपर कधी संपत नाही. सकाळ-संध्याकाळ मी तो बदलत होतो. खोकं स्वच्छ राहत होतं.

दुसऱ्या दिवशी पिल्लू उभं राहताना घसरायचं. मला वाटलं, अजून ताकद नाही. तिसऱ्या दिवशी ते उठेना. दोन्ही पाय दोन बाजूंना गेलेले, पोट पेपरावर टेकलेलं. पाणी ठेवलेल्या झाकणापर्यंत ते सरकत जायचं. मी ड्रॉपरने पाणी पाजलं, तांदळाची कणी भिजवून चोचीला लावली.

चौथ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. त्यांच्याकडे पंचवीस-तीस कोंबड्या. खोक्यात डोकावून त्या म्हणाल्या, "काहून बाबू, पेपरवाल्याच्या घरचं पिल्लू जन्मल्याबरोबर पेपर वाचून राहिलं का?"

मी हसलो. आई हसली नाही.

काकूंनी पिल्लू उचलून उलटं केलं. "पाय फाकले याचे. गुळगुळीत कागदावर पंजा पकडत नाही. पोतं टाकाले पाहिजे होतं. पहिल्याच दिवशी पाय बांधले असते तं सुधरलं असतं. आता हाडं तशीच बसली."

"बांधून तं पाहू," आई म्हणाली.

"पाहा बापा."

आईने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि दोन पायांमध्ये बोटभर अंतर ठेवून बांधली. खाली पोतं टाकलं. पिल्लू उभं राहिलं, तोंडावर पडलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा पडलं. पाचव्या दिवशी त्याने कणी घेतली नाही. सहाव्या दिवशी दुपारी आई पाणी पाजायला गेली, तेव्हा ते एका कुशीवर होतं. बल्ब चालू होता.

मी तिला विचारलं, "पोतं टाकायचं ते तुला माहीत होतं ना? मग बोलली काहून नाही?"

"तू शिकलेला. मले वाटलं, तुले मालूम असंन."

आई पिल्लाच्या पायांची चिंधी सोडत होती. गाठ घट्ट बसली होती, तिला वेळ लागला. मी पिल्लू गुंडाळायला कपाटावरून पेपर काढला.

"पेपर नको," ती म्हणाली, आणि खोक्यातलं पोतं ओढून घेतलं.