खालचा नट आधी

पेपरच्या या पानावर दर आठवड्याला कोणाला ना कोणाला काहीतरी दिसतं. मी वाचते, हसते आणि पान मिटते. आमच्या घरात असले प्रकार कधी चाललेच नाहीत. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव टोपल्यात भरून बोडीत सोडले, म्हणजे आमच्या घरामागच्या तळ्यात. देवांबरोबर भूतंही बुडाली, असं ते सांगायचे. मी स्वतः सव्वीस वर्षं अंगणवाडीत काढली. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून लेकरू घेऊन आलेल्या किती बायांना मी दम देऊन दवाखान्यात धाडलं असेल... तर हे मी भुताची गोष्ट म्हणून सांगत नाही. काय म्हणून सांगते आहे ते मलाच ठाऊक नाही.

आधी जागा सांगते, नाहीतर समजणार नाही. मूलवरून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमचं गाव. माझे मिस्टर ऊर्जानगरच्या वीज प्लांटात मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि इथे स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. पुढच्या खोलीत एका भिंतीला यांची खाट, समोरच्या भिंतीला टीव्ही, मध्ये दार. दाराच्या उंबरठ्याशी माझी जागा – निवडण-टिपण, पेपर वाचणं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणं, सगळं तिथूनच. मागे लोखंडी शिडी, तिच्यावरून स्लॅबवर जायचं. आणि स्लॅबवर छत्री. टीव्हीची छत्री, सरकारी चॅनेल फुकट दाखवते ती.

या छत्रीला बघायचं असतं आग्नेयेला. आणि आमच्या आग्नेयेला नेमकं मोहाचं झाड. झाड शेजारच्या शेवंताबाई आत्रामांचं. मोह कोणी तोडत नाही, फांदीसुद्धा मागायची नाही, त्याच्या फुलांवर त्यांचं अर्धं वर्ष निघतं. मग काय, दोन फांद्यांच्या मधल्या फटीतून छत्रीनं आभाळ बघायचं. बोटभर हलली की चित्राचे चौकोन चौकोन, आवाज तुटक. वारा सुटला की हे वर चढायचे, छत्री फिरवायचे आणि वरून ओरडायचे, “आलं का वं?” मी उंबरठ्यावरून सांगायची, “गेलं... परत घ्या... हं, आलं.” मग ते नट कसायचे. आधी खालचा, मग वरचा. “वरचा आधी कसला तर छत्री मान टाकते,” हे मी हजार वेळा ऐकलं असेल.

आता जे लिहिते ते मी पोराला पण सांगितलेलं नाही.

दोन वर्षांमागचा वैशाख. वाऱ्यानं छत्री फिरली. यांचं वय सत्तरीच्या वर, बीपी, आणि अकरा वाजताचं ऊन. मी म्हटलं फिटर बोलवा. तर म्हणतात, “सारी उमर प्लांटात मशिनी खोलल्या, मले छत्री नाई फिरवता येत?” मला राग आला. म्हटलं, “चढा मंग. मी आतून एक शबद नाई सांगणार.” चढले.

वरून हाक आली, “आलं का वं?”

चित्र आलं होतं. पहिल्याच हाकेला, स्वच्छ. मी तांदूळ निवडत बसले. तोंड मिटून.

“आलं का?” परत. मी गप्प. त्यांनी छत्री आणखी फिरवली, चित्र गेलं. “अवं, आलं का?” ... अर्धा तास असं चाललं. मग ते उतरले, खाटेवर बसले, हातानं पाणी मागितलं. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. तेव्हापासून उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. त्यांचा शेवटचा शब्द ‘आलं का’. आणि त्याला उत्तर नाही.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवल्या असतील. मी मान हलवली.

वर्षभर टीव्ही बंदच होता. मग चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की यांच्या कानावर बोलणं पडू द्या, बातम्या, गाणी, ओळखीचे आवाज. पोरगा सुमेध पुण्याला असतो, तो फोनवर म्हणाला, “आई, स्मार्ट टीव्ही घेऊ, इंटरनेटवर सगळं दिसतं.” म्हटलं बाबा, तुझ्याशी बोलायला मी बोडीच्या पाळीवर येऊन उभी आहे, तिथे इंटरनेट कोण आणून देणार? रिचार्जवाली छत्री सुचवली, तर तिचा रिचार्ज नेमका बातम्यांच्या वेळी संपतो हे शेवंताबाईकडे पाहिलेलं. जुना ॲल्युमिनियमचा अँटिना पडून होता, पण तालुक्याचा टॉवर कधीचाच बंद. राहिली आपली फुकटची छत्री. तीच नीट करायचं ठरवलं.

फिटर राजन्ना. मूळ सिरोंच्याचा, इकडे जावई म्हणून आला आणि इथेच राहिला. मराठी बोलता बोलता तेलुगूत घुसतो. पन्नाशीचा माणूस, कामाला चोख, बोलायला माझ्यासारखाच. आमच्या घरी पहिल्यांदाच आला होता. दारातून यांना नमस्कार केला. यांनी नुसतं बघितलं. राजन्नाला वाटलं असेल म्हातारा अकडू आहे. मी पण काही सांगितलं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तेच किती सांगायचं.

तो वर गेला. मी टीव्ही लावायला गेले तर एक्स्टेंशन बोर्डातून जळका वास. घाबरून सगळ्या पिना काढल्या, बोर्ड हातात घेतला आणि वर तोंड करून सांगितलं, “थांब रे, शेवंताबाईकडून बोर्ड आणतो.” वर त्याची ठोकाठोक चालू होती, ऐकलं नसणार. शेवंताबाई भेटली की दोन मिनिटांची दहा होतात. मोहफुलं वाळायला घातली होती, त्यावर बोलत बसलो. बोर्ड घेऊन आले तर राजन्ना शिडीवरून उतरून हात पुसत होता.

“झालं अम्मा.”

“काय झालं? टीव्ही तर बंद हाय.”

“भाऊंनी सांगितलं ना आतून. ते बोलले तसं केलो.”

मी म्हटलं, “कोण्या भाऊनं?”

त्याला वाटलं मी मस्करी करते. “घरात दुसरे भाऊ हायत का? मी विचारलो, आलं का? ते बोलले, गेलं, परत घे, उलीसाक डावीकडं... हा, आलं. मी वरचा नट कसत होतो तर चिडले. बोलले, खालचा नट आधी. इतके वर्षं झाले मले, कोणी शिकवलं नव्हतं असं.”

मी तिथेच पायरीवर बसले. त्याला सगळं सांगितलं, की हे वर्षभर बोललेले नाहीत, बोलू शकत नाहीत. राजन्नानं दारातून आत पाहिलं. हे तसेच पडलेले, डोळे छताकडे. तो म्हणाला, “पण अम्मा, आवाज खाटेकडून नाई आला. दाराजवळून आला.”

माझ्या जागेवरून.

मी बोर्ड लावला, टीव्ही चालू केला. चित्र पहिल्या झटक्यात, काचेसारखं. सरकारी मराठी चॅनेलवर धानाच्या खोडकिड्याचं सांगत होते.

आता तुम्ही म्हणाल राजन्नानं थाप मारली. मीही तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, सिग्नलचा मीटर लावून केलं असशील आणि माझी गंमत करतोस. त्यानं मीटर काढून पुढे ठेवला, पट्टी तुटलेली, बंद पडलेला. बरं, जुना फिटर आहे, अंदाजानं छत्री लावू शकतो, हे मान्य. पण खालचा नट? ते त्याला कोणी सांगितलं? गावात यांच्या हाताखाली कोणी काम केलेलं नाही. मी आठ दिवस विचारत फिरले, कोणाच्या घरी रेडिओ चालू होता का, फोनवर कोणी बोलत होतं का. बाया माझ्याकडे बघून एकमेकींकडे बघायला लागल्या, तेव्हा थांबले.

मग संशय यांच्यावर आला. खोटं काऊन बोलू... मला वाटलं, हा माणूस बोलू शकतो. माझ्याशीच बोलत नाही. त्या दिवसाचा अबोला अजून सोडलेला नाही.

मी पारखायला लागले. वरणात मुद्दाम मीठ घातलं नाही, यांनी तोंड वाकडं केलं, पण आवाज नाही. पाठीमागे ताट पाडलं, दचकले, तेवढंच. शेजारी बसून धडधडीत खोटं सांगितलं, “तुमची सायकल विकून टाकली.” डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मी पारखणं बंद केलं. सायकल दाखवली, घंटी वाजवून दाखवली.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून कधी शिवी निघते, कधी गाण्याची ओळ निघते. पण समोरच्याला विचारून-सांगून काम करून घेणं, तेही इतकं मोठ्यानं? नाही. मग मी विचारलं, “आन टीव्ही बंद असताना चित्र आलं का गेलं, हे कोण सांगू शकते?” डॉक्टर हसले आणि मलाच झोपेची गोळी लिहून दिली.

शेवंताबाईला विचारलं तर ती मोहफुलं उलटी-सुलटी करत म्हणाली, “बाई, आवाज आला, काम झालं. तुमाले आता पावती पायजे का?”

यंदाच्या वैशाखात पुन्हा वादळ आलं आणि छत्री फिरली. राजन्नाला निरोप धाडला. तो म्हणाला दुसरा फिटर देतो, मी नाई येत. मला दुसरा नको होता. सकाळी यांना पुसून घेतलं, कूस बदलली. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी बदलावी लागते. तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपवायची पाळी होती, म्हणजे टीव्हीकडे पाठ. टीव्ही लावला, पदर खोचला आणि शिडी चढले. या वयात. शेवंताबाई मोहाखालून ओरडत होती, “पडसान तं मी नाई उचलणार वं बाई.”

छत्री धरली, फिरवली. हाक मारली, “आलं का हो?”

काही नाही. परत फिरवलं. “आलं का?” खाली टीव्हीचा तुटक तुटक आवाज, बाकी चूप. स्लॅब तापायला लागला होता, चपलेतून चटके लागत होते. अशा उन्हात उभं राहून विचारायचं आणि खालून कोणी सांगायचं नाही, हे कसं असतं ते मला तेव्हा कळलं. तिसऱ्यांदा मी हाक नाही मारली, नुसतं म्हटलं, “आलं का...”

“गेलं. परत घे.”

मोठा नाही, घोगरा नाही. यांचा आधीचा, रोजचा आवाज. पण खाटेकडून नाही, उंबरठ्यावरून. माझे हात आपोआप फिरले. “उलीसाक अजून... हा. आलं.”

मी कशी उतरले मला आठवत नाही. उंबरठ्यावर कोणी नव्हतं. टीव्हीवर चित्र स्वच्छ. हे भिंतीकडे तोंड करून झोपलेले, जसे ठेवले तसे, घोरत होते.

सुमेध सुट्टीत आला. आता रस्त्यापर्यंत इंटरनेटची वायर आली आहे. तो नवा टीव्ही घेऊनच आला आणि म्हणाला, “ही छत्री काढून टाकू, तुला आता वर चढायची गरजच नाही.” मी नाही म्हटलं. कारण विचारलं, सांगितलं नाही. तो म्हणाला, “आई, तू बाबांपेक्षा हट्टी आहेस.” नवा टीव्ही आतल्या खोलीत लावून गेला. पुढच्या खोलीत जुनाच आहे.

तो गेल्यावर मी वर चढले. छत्रीला काही झालं नव्हतं. वाराही नव्हता. नट मी स्वतः ढिले केले, छत्री फिरवली आणि परत जागेवर आणली. विचारलं काही नाही. स्लॅबच्या कडेला जाऊन खाली तोंड करून सांगितलं, “त्या दिवशी आलं होतं. पहिल्याच हाकेला आलं होतं. मी नाई सांगतलं.”

मोहावर पाखरं भांडत होती. मग मी डोळे पुसून पाना उचलला आणि वरच्या नटाला लावला.

“खालचा आधी,” खालून आलं.

एवढंच. राग नाही, माफी नाही. चाळीस वर्षं जसे बोलत आले तसे.

हे अजून खाटेवर आहेत. बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात आता बोलणारही नाहीत. तो आवाज यांचा असेल तर उंबरठ्यावरून कसा येतो, आणि यांचा नसेल तर माझ्या घरात माझ्या जागेवर बसून कोण बोलतं, या दोन्हींचं उत्तर मला गोळी घेऊनही सापडलेलं नाही. त्यानंतर पाचदा चढले, दोनदा आवाज आला, तीनदा नाही.

नट मी यांनी सांगितल्याप्रमाणे कसते, खालचा आधी, मग वरचा. पण कोणताच पुरा कसत नाही.