फोटोचा रकाना

खून, दरोडे बरेच पाहिले, पण निवृत्तीनंतरही मनातून जात नाही तो एका साध्या फोटोचा तपास.

तेव्हा मी कोल्हापुरात पोलीस निरीक्षक होतो. ठाण्यात संगणक नुकताच आला होता. एका सकाळी शिरोळकडचं एक कुटुंब तावातावानं आलं. वधू-वर मंडळाच्या वेबसाइटवर फोटो पाहून ते कसबा बावड्यात मुलगी बघायला गेले होते. समोर आली ती वेगळीच.

"सायेब, फोटू एकीचा आन् पोरगी दुसरीच! हिच्या बापाला आत टाका," मुलाचे वडील कडाडले.

मुलीचे वडील प्राथमिक शिक्षक. फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक झाली असती तर निलंबन ठरलेलं. मी त्यांना दोन तास खोदून विचारलं. "माझ्याच लेकीचा फोटू दिलाय की," एवढंच ते सांगत राहिले. दोन तास एकच उत्तर देणारा माणूस एक तर खरा असतो किंवा चांगलाच मुरलेला. मी दुसरी शक्यताच धरून चाललो होतो.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. शेवटी तीच आत आली. "सायेब, पयला आठवडाभर तितं माझाच फोटू हुता. मी सोता बघितलाय."

"मग आधी का नाही बोललीस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

मी वरमलो. वेबसाइट सांभाळणाऱ्या तरुणाला बोलावलं. पूर्वी लोक फोटो मंडळात आणून देत. त्यानं महिन्यापूर्वीच अर्जात फोटो चढवायचा रकाना जोडला होता. वेबसाइटमध्ये बाहेरचं कुणी शिरल्याची खूण नव्हती. मग मी बावड्यातल्या फोटो स्टुडिओत गेलो. हिचा आणि फोटोतल्या मुलीचा, दोन्ही अर्ज तिथूनच भरले होते.

"फायलीला नाव काय देता?" मी सहज विचारलं.

"पोरगी असली की 'मुलगी', पोरगा असला की 'मुलगा'. घोळच नको!" मालक अभिमानानं म्हणाला.

आता मला चैन पडेना. सगळ्यांना ठाण्यात बसवलं आणि आमच्या हवालदारांचा फोटो 'मुलगी' नावानं चढवायला लावला. गुरुजींच्या मुलीचं पान उघडलं. शिक्षण पदवीधर, उंची पाच फूट दोन इंच, गृहकृत्यदक्ष, आणि वर झुपकेदार मिशांचे आमचे हवालदार! त्याच नावाची दुसरी फाइल आली की वेबसाइट पहिली पुसून तिच्या जागी नवी ठेवत होती.

ठाणं हसलं. गुरुजी मात्र रडले.

मुलाचे वडील ओशाळून म्हणाले, "गुरुजी, चूक झाली. बैठक फुडं न्यायाची का?"

गुरुजींनी लेकीकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं हाय?"

"फोटूतल्या पोरीला बघायला आलतासा न्हवं?" ती मुलाच्या वडिलांना शांतपणे म्हणाली. "तिचा पत्ता मंडळात मिळंल."

मी तक्रारदाराला विचारलं, संशयिताला विचारलं, फक्त जिच्यावरून सगळं पेटलं होतं तिला विचारायचं राहिलं. ही चूक पुन्हा कधी केली नाही, असं लिहायला आवडलं असतं. पण ती मी पुढेही एक-दोनदा केली, आणि त्या वेळी कुणी उठून आत आलं नाही.