'असू दे' नावाच्या प्रती

स्क्रीनवरची पट्टी टोकापर्यंत लाल झाली आणि आमच्या हॉस्पिटलच्या सर्व्हरने नवी नोंद घेणं बंद केलं. प्रत्येक नोंदीचा माग तो एका फाइलीत लिहून ठेवतो. ते लिहायला आता डिस्कवर जागाच नाही. खाली केसपेपरच्या खिडकीशी रांग खोळंबली आहे. तिथल्या शिंदेताई फोनवर काकुळतीला आल्या आहेत, "सर, एक बाई तापलेलं लेकरू घेऊन उभी आहे हो. काहीतरी उडवा ना तिकडचं!"

काय उडवू? माग पुसला आणि सर्व्हर कोसळला, तर शेवटच्या बॅकअपनंतरच्या चार दिवसांचे पेशंट, त्यांची औषधं, कशाचाच पत्ता लागणार नाही. उरले माझे बॅकअप. कामाला हात घालण्याआधी सगळ्याची एक प्रत काढायची आणि तिला 'असू दे' असं नाव द्यायचं, ही माझी जुनी सवय. डिस्क भरली ती त्यांनीच. माणूस धीरसुद्धा असाच साठवत जातो, कधी वापरून न बघता. शेवटची प्रत ठेवून बाकीच्या पुसाव्यात, पण ती तरी धड असेल कशावरून? आजवर एकही उघडून पाहिलेली नाही.

आणि उघडून पाहायला लागते, तेवढीही जागा आता उरलेली नाही.