दूध उतू चाललंय

ती फिर्याद आजही आठवते, कारण चोर स्वतःच्या पायांनी चालत माझ्या ठाण्यात आला होता आणि वर फिर्यादीच्या खुर्चीत बसला होता. चोराच्या उलट्या बोंबा मी नोकरीत पुष्कळ ऐकल्या, पण इतक्या कडक इस्त्रीच्या शर्टात नाही.

निपाणी भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा अधिकारी होतो. उसाचा हंगाम जोरात होता. आमच्याकडचा ट्रॅक्टर ऊस वाहतो तितकंच गाणंही वाहतो. सीटच्या मागे कपाटाएवढे स्पीकर! त्या वर्षी सदलग्यापासून कोगनोळीपर्यंत एकच गाणं वाजत होतं. सुगीचं गाणं, बाईचा गोड आवाज आणि मागे डीजेचा दणका. मध्येच वाद्यं थांबायची आणि एक म्हातारी खेकसायची, ‘आगं ये, दूध उतू चाललंय!’ की पुन्हा दणका सुरू. ती ओळ आली की झाडून सगळे ट्रॅक्टरवाले तिच्याबरोबर ओरडायचे. आमच्या हेड कॉन्स्टेबलची रिंगटोनही तीच होती.

फिर्यादी मोबाइल दुरुस्तीचा दुकानदार होता. गाणी आणि नवे सिनेमे पेनड्राइव्हवर भरून देणं हा त्याचा जोडधंदा. त्याचं म्हणणं असं, की हे गाणं त्याने तयार करून आपल्या चॅनेलवर टाकलं. आता एका शेतकरी घरातली सून तेच गाणं स्वतःचं म्हणून टाकते आहे. त्याने त्या साइटकडे तक्रार करून तिचा व्हिडिओ काढायला लावला होता. आता तिच्यावर गुन्हा दाखल करून हवा होता.

फिर्याद आली म्हणून लगेच कुणाला आरोपी करायचं नसतं. मी दोघांना समोरासमोर आणण्याआधी सुनेला बोलावलं. चिकोडीत एका ऑफिसात नोकरी करणारी शिकलेली मुलगी, पण चेहरा पार उतरलेला. सोबत सासू आली होती.

“साहेब, गाणं मीच रचलंय. रानात तण भांगलताना सुचलं, डोक्यातच ठेवलं,” ती म्हणाली. “पण लोक म्हणतात, हे तर दिवाळीपासून आमच्या ट्रॅक्टरवर वाजतंय, तू आत्ता कुठनं आणलंस? हळदी-कुंकवाला गायला बोलावलं होतं, तेही नको म्हणाले. ऑफिसात पाठीमागं ‘गाणंचोर’ म्हणतात मला.” एवढं बोलून ती रडायला लागली.

सासू मात्र रडणारी नव्हती. “आवो साहेब, त्यातली म्हातारी म्हंजी मीच हाय! दारात बसले हुते. ट्रॅक्टर गेला आन् माझाच आवाज माझ्या अंगावर आला. दूध खरंच उतू चाललंय वाटून मी गॅसकडं पळाले की वो!”

झालं होतं असं. दिवाळीच्या आधी सुनेने खोलीचं दार लावून मोबाइलवर गाणं म्हणून ठेवलं आणि गॅसवरचं दूध विसरली. सासूने दाराबाहेरून हाक मारली, ती गाण्यात आली. पुढे मोबाइलची काच फुटली, म्हणून तो दुरुस्तीला टाकला. कुठे? त्याच दुकानात. मी टेबलावर हात आपटला. मनात म्हटलं, सापडलास लेका!

पण घाई केली नाही. तपासाचा माझा नियम साधा आहे: माणसाला आधी त्याच्याच शब्दांत बांधून घ्यावं, मग गाठ आवळावी. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला बोलावून सविस्तर जबाब घेतला. ठाणं कर्नाटकातलं, म्हणून आमच्याकडे जबाब मराठीत द्यायचा आणि कन्नडमध्ये उतरवायचा, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली जाते. खोटं बोलणारा दुसऱ्या वेळी भर घालतोच.

“गाणं कुठे रेकॉर्ड केलं?”

“बेळगावात, खासबागेत. बंद स्टुडिओ साहेब, माशीचा आवाज न्हाय आत येत.”

“मग ती म्हातारी कशी आली?”

“ती मी मुद्दाम घातलीया. कॉमेडी म्हणून. बेळगावच्या एका कलाकार बाईकडनं म्हणवून घेतलं. लई हुशार बाई!”

जबाब वाचून दाखवला, सही घेतली. सासू-सुनेला मी आधीच बोलावून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. कर्कश स्पीकरबद्दल धरून आणलेला एक ट्रॅक्टर आवारातच उभा होता. ड्रायव्हरला म्हटलं, “लाव रे ते गाणं.” तो बिचारा चक्रावला. ज्यासाठी दंड, तेच साहेब लावायला सांगतात! त्याने लावलं. वाद्यं थांबली, आणि ठाण्याच्या बाकावरून सासूबाई स्पीकरच्या बरोबरीने कडाडल्या, “आगं ये, दूध उतू चाललंय!”

आवाज तोच, ठसका तोच. ड्रायव्हरने खाली उडीच मारली. “आयला! हीच ती म्हातारी!” जबाब उतरवणारा माझा रायटर पोट धरून हसत होता. मी दुकानदाराला विचारलं, “हीच का तुझी बेळगावची कलाकार?”

तो तरीही चिवट. “पण सुनेकडं सर्टिफिकेट हाय का गाण्याचं?”

“कायद्याला सर्टिफिकेट लागत नाही. ज्याने रचलं त्याचं.”

मग सुनेने मोबाइलमधली मूळ फीत लावली. तिच्यात ओळ तिथे संपत नव्हती. ‘दूध उतू चाललंय’ला लागूनच सासूने सुनेला नावाने हाक मारली होती. पठ्ठ्याने नेमकं नाव कापलं होतं आणि दूध ठेवलं होतं. ते ऐकून त्याने मान खाली घातली. “चुकलं साहेब. मोबाइल दुरुस्तीला आलता, त्यातनं घेतलं आन् मागं डीजे घातला.”

दुकानाचा पंचनामा केला. कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह जप्त केले. त्यात थेटरात चोरून टिपलेले सिनेमेही निघाले. कॉपीराइट कायद्याखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड आहे, हे त्याला तेव्हा कळलं. कोर्टात तो दोषी ठरला. सुनेचा व्हिडिओ पुन्हा वर आला, आणि ज्यांनी गाणं नको म्हटलं होतं त्यांनी घरी येऊन आमंत्रण दिलं.

हेड कॉन्स्टेबल म्हणाला, “साहेब, ही रिंगटोन माझ्या मोबाइलवर फुकट आली, मी कशाला इचारू कुणाची ते?” खरी मेख इथेच आहे. शेजाऱ्याच्या फडातला ऊस मोडला तर आपल्याकडे डोकी फुटतात, पण गाणं कुणाच्या फडातलं, हे कुणी विचारत नाही. फुकट घेणारे हजार हात असतात म्हणून चोरणारा एक हात चालतो. हेड कॉन्स्टेबलने रिंगटोन त्याच दिवशी काढली.

सुनेने पुढे गाणं नव्याने काढलं. सासूची हाक तिने हट्टाने तशीच ठेवली, पण पुरी, नावासकट. आता हंगामात ट्रॅक्टरची रांग निघाली की सगळे ड्रायव्हर घसा फोडून ती हाक मारतात. या लेखात कुणाचंच नाव द्यायचं नाही असं मी ठरवलं आहे, त्यामुळे तिचंही देत नाही. थंडीत निपाणीच्या रस्त्याला येऊन उभे राहा, ट्रॅक्टरवालेच तुम्हाला ओरडून सांगतील.