रत्नाबाईंच्या घरातल्या मुंग्या

कुरुंदवाडात रत्नाबाई चौगुल्यांच्या घरी मुंग्या फार, असं एकेकाळी सगळी गल्ली म्हणायची आणि म्हणताना हसायची. कारण घर जैनाचं. मुंगी मारायची नाही. दुसऱ्या कुणी पावडरीची रेघ ओढून हात झटकले असते. रत्नाबाई मात्र मऊ कुंचा घेऊन गुडघ्यावर बसायच्या, मुंग्या अलगद कागदावर घ्यायच्या आणि घरामागच्या परड्यात नेऊन सोडायच्या. सकाळचा अर्धा तास त्यात जायचा. बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण मुंग्या कशाला येतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुंग्या आल्या त्या शेवंता आल्यापासून.

लग्नाला अठरा वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलला नव्हता. नवरा नेमिनाथ नदीकाठच्या मळ्यात ऊस आणि भाजीपाला करणारा, मोजकं बोलणारा माणूस. दत्तकाचा विषय त्यानंच काढला. अर्ज झाला, कागद झाले. तान्हं बाळ हवं असेल तर तीन-चार वर्षं थांबा, असं उत्तर आलं. मग संस्थेतल्या दीपाताईंनी एक दुसरी यादी दाखवली. मोठी झालेली, आजारी, मनानं मोडलेली मुलं. त्यांना न्यायला कुणी येत नाही.

शेवंता त्या यादीतली. वय साडेसहा, वजन चार वर्षांच्या पोराचं. आई वीटभट्टीवर कामाला होती, तिथल्याच खोपीत तापानं गेली. लोकांनी दार ढकललं तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते आणि पोरगी भाकरीचा तुकडा तिच्या ओठाशी धरून बसली होती. फाईलमधलं हे एवढं नेमिनाथनं मोठ्यानं वाचलं. पुढं वाचता येईना म्हणून चष्मा पुसत बसला. रत्नाबाई म्हणाल्या, "आणूया हिला. मी हुईन हिची आई."

दीपाताईंनी बजावून सांगितलं होतं. ही पोर अन्न लपवील, रागवू नका. उशाशी खाऊचा डबा भरलेला ठेवा. जवळ घ्यायची घाई करू नका. एक दिवस ती आपणहून तुमच्याकडं येईल, त्या दिवसाची वाट बघा.

रत्नाबाईंनी दोन वर्षं वाट बघितली. तेवढं एकच त्यांना हवं होतं, की पोरीनं आपणहून यावं. शेवंता त्यांना मावशी म्हणायची, संस्थेतल्या बायकांना म्हणायची तसंच. वेणी घालू द्यायची नाही. ताटाभोवती डाव्या हाताचं कडं करून जेवायची. दिवस मावळला की या घरात चूल बंद होते आणि घरधनीण पाण्याचा घोटही घेत नाही. पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघराची कडी लागलेली बघून शेवंतानं जो आकांत मांडला, तो चार घरं पलीकडं ऐकू गेला. त्या दिवसापासून कडी कधी लागली नाही. तिला रात्रीचं ताट रत्नाबाई स्वतः वाढायच्या, मग कुणी काही का म्हणेना.

म्हणणारे होतेच. समोरच्या चिमणाबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. "काय गं रत्ना, पोरीला खायला घालत न्हाईस व्हय? गादीखाली भाकऱ्या काय, दप्तरात लाडू काय! का रक्ताचं न्हाय म्हणून?"

"असू दे की. मुंग्यांची पोटं भरत्यात," रत्नाबाई म्हणायच्या. आत येऊन मात्र त्यांचा हुंदका फुटायचा. गादीखाली, कपाटामागं, देवळीत, कुठंही बुरसलेला तुकडा सापडायचा. शिळं अन्न या घरात कधी राहिलं नव्हतं, त्यात जीव पडतात म्हणून. आता रोज राहत होतं आणि बाई रोज त्या मुंग्या निस्तरत होत्या.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं आणि रत्नाबाईंनी दहा उपवास धरले. दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. हे त्यांनी कुणासाठी केलं? शेवंतासाठीच. पोरगी रुळू दे, आपल्याला आई म्हणू दे, एवढंच त्यांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, भगवंतापुढं उभं राहून मागितलं.

नेमिनाथनं एकदा विचारलं, "तू का जेवत न्हाईस ते पोरीला सांगितलंस काय?"

"तिला काय कळतंय त्यातलं? भगवंताला कळलं म्हंजे झालं."

चुकलं ते इथं. भगवंत सगळं जाणत असेल, पण घरात एक आठ वर्षांची पोर होती आणि तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवसापासून शेवंता शाळेला जाईना. दाराशी बसून रत्नाबाईंकडं बघत राहायची. बाई आजारी पडलेल्या नाहीत, व्रतात आहेत, हे तिनं कुठून ओळखावं? तिला दिसत होतं ते एवढंच, की एक बाई जेवत नाही, चटईवर पडून आहे आणि तिचे ओठ सुकलेत. हे तिनं आधी एकदा बघितलेलं होतं.

आठव्या दिवशी दिवेलागणीला नेमिनाथ आरतीला बस्तीत गेला होता. रत्नाबाईंना ग्लानी होती. ओठाला काहीतरी खरखरीत लागलं म्हणून त्यांनी डोळे उघडले. शेवंता अगदी छातीशी येऊन बसली होती. दोन वर्षांत इतकी जवळ ती कधी आली नव्हती. तिच्या हातात गादीखालचा भाकरीचा तुकडा होता, बुरशी आलेला, आणि त्यावर मुंग्या चालत होत्या.

"मावशी, खा की," ती म्हणाली. "खा की गं. एवढंच खा."

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं, ते लांबून बोलायला सोपं आहे. रत्नाबाईंच्या पोटात आठ दिवस कण नव्हता. दिवस मावळलेला, व्रत चालू, भाकरी शिळी आणि त्यावर जिते जीव. जन्मभराच्या शिकवणीनं एका क्षणात त्यांचं तोंड मिटलं. त्यांनी मान फिरवली. पोरीनं दुसऱ्या बाजूनं तुकडा दाबला. त्यांनी दात आवळले. पोरगी रडत रडत बोटांनी त्यांचे ओठ उघडायला लागली, तेव्हा बाईंनी हातानं तिचा हात उडवला आणि ओरडल्या, "शी! मुंग्या हायत त्यात! न्हाय खायाचं मला!"

तुकडा भिंतीशी जाऊन पडला. शेवंताचं रडणं तिथंच थांबलं. ती उठली आणि आपल्या जागेवर, भिंतीला पाठ लावून बसली. रत्नाबाईंचा पुन्हा डोळा लागला.

पारण्याच्या दिवशी दारात मांडव, बँड, पै-पाहुणे. दहा उपवास काढलेल्या बाईला एकेकानं येऊन मुगाचं पाणी चमच्यानं भरवायचं, असा रिवाज. नेमिनाथनं भरवलं, जावांनी भरवलं. चिमणाबाईंनी शेवंताला दंडाला धरून पुढं आणलं. "भरव गं आईला. तुझ्यासाठीच उपाशी राहिली बघ ती!"

रत्नाबाईंनी तोंड उघडलं. शेवंतानं चमचा धरला आणि त्या उघड्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिचा हात वर आला नाही. त्या नजरेसमोर रत्नाबाईंना ती संध्याकाळ आठवली. मग नेमिनाथनं वाचलेली खोप आठवली, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या एकदम ध्यानात आलं. पन्नास माणसांत त्या तशाच तोंड उघडून बसून राहिल्या. पोरीनं चमचा वाटीत ठेवला आणि ती गर्दीतून मागं गेली. "लाजली," चिमणाबाई म्हणाल्या. बँड वाजायला लागला.

जे मागायला बाई भगवंताकडं गेली होती, ते तिच्या उशाशी येऊन तिच्या ओठाला लागलं होतं. तिनं ते हातानं उडवलं. पुढं रत्नाबाईंनी काय नाही केलं? जन्माचा नेम मोडून दिवस मावळल्यावर पोरीजवळ जेवायला बसायला लागल्या. गल्लीनं नावं ठेवली, ती ऐकून घेतली. "एक घास दे की गं मला," म्हणायच्या. शेवंता उठून त्यांना स्वतंत्र ताट वाढून आणायची. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

घरातल्या मुंग्या त्या भाद्रपदापासून नाहीशा झाल्या. उशाचा डबा भरलेला राहायचा, चिवडा खवट व्हायचा, बाई बदलायच्या. संस्थेच्या कागदावर 'सवय सुटली' अशी नोंद झाली. शेवंता आई म्हणायला लागली, कारण शाळेत सगळ्याच पोरी आईला आई म्हणतात. मात्र आईला ती अहो-जाहो करते. अख्ख्या गल्लीत पोरं आईला अगंतुगं करत असताना चिमणाबाईंना याचं केवढं कौतुक! "वळण लावावं तर रत्नानं."

आता शेवंता दहावीला आहे. अभ्यासात बरी, कामाला चपळ, कुणाला उलटून बोलत नाही. पर्वात एक वेळ जेवते.

गेल्या महिन्यात एका सकाळी रत्नाबाईंना सोप्यात मुंग्यांची रांग दिसली. आठ वर्षांत पहिल्यांदा. बाईंच्या काळजात धस्स झालं, आणि ते आनंदानं झालं. कंबर धरून त्या खाली बसल्या आणि रांगेमागं गुडघ्यावर सरकत निघाल्या. रांग उंबऱ्यावरून आत, शेवंताच्या खोलीत, तिच्या कॉटखाली गेली होती. बाईंनी गादीचा कोपरा उचलला. खाली काही नव्हतं. मुंग्या त्याच्याही पलीकडं, भिंतीच्या कडेला गोळा झाल्या होत्या. तिथं एक मेलेली पाल होती.

"काय हुडकताय, आई?" शेवंता दारात उभी होती.

"काय न्हाय गं. मुंग्या आल्यात."

"उठा तुम्ही. गुडघं दुखतील. मी बघते."

तिनं त्यांना हाताला धरून उठवलं, कॉटवर बसवलं आणि कुंचा घेऊन आली. रत्नाबाईंनी शिकवलं होतं अगदी तसं, अलगद, कागदावर, तिनं सगळ्या मुंग्या गोळा केल्या आणि परड्यात नेऊन सोडल्या. एकही मेली नाही.